ऑपरेशन छान झालं म्हणतात, मग पेशंट भिंतीकडे तोंड करून का झोपतो?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

कॅन्सर सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. निमित्त मावसभावाच्या फोनचं. अण्णांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, जबड्याचं ऑपरेशन झालं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात सगळं काढलंय, ऑपरेशन एकदम छान झालंय. पण अण्णा आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आम्ही सगळे धीर देतोय." म्हटलं, धीर म्हणजे काय सांगताय? तर, "हेच की तुम्हाला काहीएक झालेलं नाही, महिन्याभरात ठणठणीत व्हाल."

माणसाचा अर्धा खालचा जबडा काढलाय, पायाचं हाड काढून तिथे बसवलंय, नाकात एक नळी, गळ्यात एक नळी, आणि घरचे म्हणतायत तुम्हाला काहीएक झालेलं नाही. मीही भिंतीकडेच तोंड केलं असतं.

त्यावरून आमच्या बेड ११ चे काका आठवले. बरीच वर्षं झाली. मराठवाड्यातले, उसाची शेती, तंबाखूची सवय, तेच ऑपरेशन. पायाचं हाड लावतात तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या मांसाचा आणि कातडीचा रक्तपुरवठा नीट चालू आहे ना, हे सुरुवातीला तासातासाला बघावं लागतं. रंग कसा आहे, हाताला गरम लागतंय का, वगैरे. आम्ही त्याला फ्लॅप बघणं म्हणतो. सलग दोन रात्री माझी ड्यूटी होती. वीसेक वेळा तरी टॉर्च घेऊन त्यांच्या उशाशी उभी राहिले असेन. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने पाटी आणून दिली, तर काकांनी पहिलं वाक्य लिहिलं: "माझा आवाज कायमचा गेला का".

गळ्यात नळी आहे तोवर श्वास तिथूनच जातो, त्यामुळे आवाज निघत नाही. ही नळी तात्पुरती असते, बहुतेकांची आठवड्याभरात निघते, मग आवाज येतो. बोलणं सुरुवातीला बोबडं असतं, स्पीच थेरपीने सुधारतं. (स्वरयंत्रच काढलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नळीची जागा कायमची.) हे सगळं संमतीपत्रावर सही घेताना त्यांना सांगितलं होतं, म्हणजे तशी नोंद आहे. पण सहीच्या वेळी माणसाच्या डोक्यात किती शिरतं? दोन दिवस, दोन रात्री हा माणूस आपण मुके झालो असं धरून पडला होता. फ्लॅपचा रंग मात्र माझ्या अक्षरात तासातासाला चार्टवर लिहिलेला आहे.

तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं काढतेच. नळी हातात देते. जागे व्हाल तेव्हा ही इथे असेल, बोलायला जाल तर आवाज येणार नाही, घाबरायचं नाही, घंटी या हाताशी ठेवेन, असं सांगते. पाटीवर लिहायची तालीम करून घेते. (खडू नको, धूळ नळीत जाते. बटण दाबून पुसायची लहान मुलांची पाटी मिळते, ती उत्तम.) ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा पुठ्ठा केलाय: पाणी, दुखतंय, कफ ओढा, लघवी, घरच्यांना बोलवा. सहावं चित्र नंतर घातलं, डोळे वटारलेला एक चेहरा, म्हणजे भीती वाटतेय. माझी चित्रकला अशी की तो चेहरा घुबडासारखा झालाय. पण रात्री दोन-तीनच्या सुमाराला बोट सगळ्यात जास्त घुबडावर येतं.

तर विचारायचं हे की तुमच्या घरी कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल, तर नंतरच्या दिवसांत सिस्टर-ब्रदरचं काय उपयोगी पडलं? आणि काय खटकलं? खटकलेलंही लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही.

मोहरीची_पिशवी

ताई, तुमचं घुबड मनात बसलं.

माझ्या आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. पहिलं ड्रेसिंग सोडायचं होतं तेव्हा मी बाहेरच उभी होते, आत जायची हिंमत नव्हती. सिस्टर साधारण माझ्याच वयाची. तिने आईला विचारलं, "काकू, आज बघायचंय की मी नुसतं ड्रेसिंग बदलू? उद्या बघितलं तरी चालतं." आई म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आरसा नको, मी अशीच खाली बघते. सिस्टरने आधी शब्दांत सांगितलं की आडवी रेघ आहे, टाके आहेत, थोडं काळंनिळं दिसेल, नळी इथून बाहेर येते. मग आईने पाहिलं. रडली. सिस्टर ट्रे धरून तशीच उभी राहिली. "रडू नका" म्हणाली नाही. हे मी दाराच्या फटीतून पाहिलं.

दुसरं म्हणजे काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूपर्यंत आईचा हात बधिर झाला होता. तिने कुणालाच सांगितलं नाही, कारण तिला वाटलं कॅन्सर हातात उतरला. सिस्टरने सहज विचारलं, "इथे स्पर्श कळतो का?" आणि समजावलं की काखेतल्या गाठी काढताना तिथली संवेदनेची नस दुखावते किंवा कापली जाते, बऱ्याच बायकांना होतं, हाताची ताकद त्याने जात नाही. आई त्या रात्री ऑपरेशननंतर पहिल्यांदा घोरली.

घरी आल्यावर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम असतो ना? स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी आई रोज पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची. पुढे घराला रंग दिला, तेव्हा तेवढी पट्टी सोडायला लावली तिने.

आणि आयडीबद्दल सांगते. जखम पूर्ण भरल्यावर आईने ब्लाउजच्या आत घालायला पिशवी शिवली. कापूस भरला तर वजन नाही, पदर एका बाजूला घसरायचा. मग मोहरी भरली, उजव्या बाजूच्या वजनाला मिळेपर्यंत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून!

खडूस_खापर

लिखाण चांगलं आहे. पण जरा जमिनीवर येऊ या का?

जनरल वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते लिहा की. आम्ही होतो तिथे पस्तीसेक पेशंटना एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. कुणाच्या उशाशी दहा मिनिटं बसणार? हे 'मानसिक आधार' वगैरे पैसेवाल्या हॉस्पिटलच्या जाहिरातीत दिसतं, केस नीट बांधलेली हसरी नर्स आणि पेशंटच्या हातावर हात.

खटकलेलं मागितलंत म्हणून सांगतो. माझे वडील गालाच्या कॅन्सरचे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अस्वस्थ, नळ्या ओढायला लागले. ब्रदर काय म्हणाला माहितेय? "तंबाखू खाताना नाही का आठवलं?" वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली. तो ब्रदर मला अजून कुठेही दिसला तर ओळखेन.

रात्रपाळी

खापरदादा, आकड्याबद्दल वाद नाही. आमच्याकडेही रात्री फार वेगळं नसतं. दहा मिनिटं मी सगळ्यांना देऊ शकत नाही. ज्यांच्या गळ्यात नळी येणार आहे त्यांनाच देते, बाकीच्यांच्या वाट्याला येता-जाता जे येईल ते.

त्या वाक्याबद्दल. मीही ते म्हटलेलं आहे. हेच शब्द नसतील, पण अर्थ तोच. कारण द्यायचं तर बारा तासांची ड्यूटी होती, देत नाही.

तुमच्या वडिलांचं मी काही सांगू शकत नाही, मी तिथे नव्हते. पण तिसऱ्या दिवशी अस्वस्थ होऊन नळ्या ओढणारा पेशंट दिसला की मी आता दोन गोष्टी विचारते. तीस वर्षं दिवसाला दहा पुड्या खाणाऱ्याची तंबाखू एका रात्रीत सुटते, तेव्हा चिडचिड, झोप उडणं, हातपाय स्वस्थ न राहणं हे सगळं पहिल्या आठवड्यात होतंच. आम्ही त्याला 'पेशंट त्रास देतो' म्हणतो. दुसरं म्हणजे दारू. रोज घेणाऱ्याची बंद झाली की दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, भास सुरू होऊ शकतात. हे जिवावरचं असतं आणि यावर औषध असतं. म्हणून घरच्यांना हात जोडून सांगते की ऑपरेशनच्या आधी सिस्टरने विचारलं तर खरं सांगा. "कधीतरी, लग्नाकार्यात" असं सांगू नका. आम्ही पोलीस नाही. निकोटिनचा पॅच, गोळी स्वतःच्या मनाने आणून देऊ नका, विशेषतः फ्लॅप असेल तर. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

मँचेस्टरची_माई

खापर, तुम्ही म्हणता ते 'जाहिरातीतलं' काम खरंच काही करतं का, हा प्रश्न इथे मँचेस्टरमध्येच तपासला गेला होता. पीटर मॅग्वायर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ, १९८० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास आला. स्तन काढलेल्या बायकांचे दोन गट केले. एका गटाला समुपदेशनाचं शिक्षण घेतलेली नर्स होती, आधी आणि नंतर नियमित भेटणारी. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा.

निकाल मजेशीर आहे. नर्सच्या धीर देण्याने नैराश्य टळलं नाही. ते दोन्ही गटांत आलंच. फरक कुठे पडला? नर्स ठरलेल्या वेळी जाऊन विचारत होती, त्यामुळे ज्यांना मानसोपचाराची गरज होती त्यांच्यातल्या ७६ टक्के तिने ओळखून पुढे पाठवल्या. दुसऱ्या गटात ओळखल्या गेल्या १५ टक्के. वर्ष-दीड वर्षाने पाहिलं तर नर्सच्या गटात १२ टक्के बायकांना मानसिक आजार होता, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

मी इथे ब्रेस्ट केअर नर्स आहे, आधी मिरजेत होते. या अभ्यासाचा माझ्यावर चांगलाच परिणाम झाला. कारण मला वाटायचं, आपण गोड बोललो की पेशंट सावरते. आता मी गोड कमी बोलते आणि विचारते जास्त. झोप लागते का? पहाटे जाग आली तर मनात काय येतं? पूर्वी आवडायचं असं काही परत करावंसं वाटलं का? कपडे बदलताना दिवा घालवता का? हा शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा, कुठल्या फॉर्मवर नाही. त्याला खरं उत्तर फार लवकर मिळतं.

फॉर्म म्हणाल तर थर्मामीटरसारखं एक चित्र असतं, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात जिवाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची. ४ किंवा वर आलं की नुसत्या गप्पांवर सोडायचं नाही, पुढे विचारपूस करायची. त्याला 'डिस्ट्रेस थर्मामीटर' म्हणतात. 'डिस्ट्रेस', म्हणजे जिवाचा त्रास, हा शब्दही मुद्दाम निवडला, कारण 'नैराश्य' किंवा 'मानसिक' म्हटलं की लोक तोंड मिटतात. एक मिनिट लागतं. पस्तीस पेशंटमध्येही लागतं एकच मिनिट.

खडूस_खापर

माई, ७६ आणि १५ बघून गप्प बसलो. पण खूण ४ च्या वर आली तर आमच्या तालुक्यात पुढे पाठवायचं कुठे, तेही सांगा.

मँचेस्टरची_माई

ते मला इथे बसून सांगता येणार नाही. तिथल्या कुणीतरी लिहा.

रात्रपाळी

फोनवर टेली-मानस आहे, १४४१६, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग असतो, पण तिथे जायची चिठ्ठी पेशंटला स्वतः मागावी लागते, आपणहून कुणी देईलच असं नाही. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते.

आणि एक. "आता जगून काय करायचं" असं पेशंट म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने डोक्यात नसलेलं घातलं जात नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका आणि वॉर्डात लगेच सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

पिशवीवाला

माझी हजेरी लावतो. गुदाशयाचा कॅन्सर, पोटावर कायमची पिशवी, पाच वर्षं पूर्ण. आयडी त्यावरूनच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा सिस्टर आल्या. (स्टोमा म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेलं तोंड, त्यावर पिशवी लावतात.) बसा, उभे राहा, वाका, आडवे व्हा, रोज पँट कुठे बांधता ते दाखवा, धोतर नेसता का? मग पोटावर मार्करने खूण केली. मला वाटलं काय पोरखेळ आहे. नंतर कळलं, पट्ट्याखाली किंवा पोटाच्या घडीत स्टोमा आला तर पिशवी चिकटत नाही, गळते. शेजारच्या बेडवरच्या मावशींना परकराची नाडी कुठे येते ते बांधून दाखवायला लावलं होतं.

मला खरा प्रश्न वेगळाच छळत होता आणि तो डॉक्टरांना विचारायची लाज. घरी देवपूजा माझ्याकडे. पोटावर ते घेऊन देवघरात जायचं का? सिस्टर पिशवी बदलायला शिकवत होत्या, तेव्हा हळूच विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, आधी सगळं पोटाच्या आत होतं, तेव्हा देवाला चालत होतंच ना?" पुढच्या सोमवारी पूजा केली. बायको जरा कुरकुरली, तिला तेच उत्तर दिलं.

वारीचंही विचारलं होतं. त्यांनी जास्तीच्या पिशव्या, पाण्याची बाटली, कागदी टेप अशी यादीच करून दिली. अजून सगळी वारी जमली नाही, पण सासवड ते जेजुरी चाललो आहे.

अनु_ठाणे

धागा आत्ता पाहिला. जरा घाईत विचारतेय. आजोबा ७८, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन परवा झालं. दिवसा गुंगीत असतात आणि संध्याकाळी म्हणतात की ही बोट आहे, आपल्याला रत्नागिरीला उतरायचंय. वेड लागलं का? सिस्टर म्हणतात वयामुळे होतं.

रात्रपाळी

वेड नाही. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, येतो-जातो, संध्याकाळी वाढतो. पण 'वयामुळे' म्हणून सोडायचं नाही. आत्ता जाऊन राऊंडच्या डॉक्टरांना सांगा. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम, लघवी तुंबणं, दुखणं, एखादं औषध, यातलं काहीही असू शकतं. दिवसा नुसते गुंगीत असतात हेही आवर्जून सांगा. शांत पडलेला पेशंट आम्हाला बरा वाटतो, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष होतं.

तुमच्या हातात आहे ते: चष्मा आणि कानाचं मशीन लावा (बहुतेक ते पिशवीत घालून घरी नेलेलं असतं!). समोर घड्याळ ठेवा. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवा मंद. घरचं एकच ओळखीचं माणूस बसू दे, पाच नकोत. बोटीवरून वाद घालू नका. "आजोबा, आपण ठाण्यात दवाखान्यात आहोत, मी अनु" एवढंच, परत परत. हात बांधायला मात्र कुणाला सांगू नका, त्याने भीती वाढते.

अनु_ठाणे

चष्मा खरंच घरी होता. 🙈 डॉक्टरांना सांगितलं, रक्त पाठवलंय.

शेवंता_वाई

एक वेगळा मुद्दा. आम्ही सासूबाईंना कॅन्सर आहे हे सांगितलंच नाही, 'गाठ होती, काढली' एवढंच. सिस्टरनाही सांगून ठेवलं होतं की काही बोलू नका. त्या शेवटपर्यंत आनंदात होत्या. सगळ्यांना सगळं सांगायचं हे परदेशी खूळ आपल्याकडे चालत नाही, असं माझं मत.

मोहरीची_पिशवी

आनंदात होत्या हे कुणी सांगितलं, त्यांनी की तुम्ही ठरवलं? राग मानू नका, पण माझ्या आईला आम्हीही पंधरा दिवस असंच फसवलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हॉस्पिटलच्या पाटीवर नाव वाचून. ती आमच्यासाठी नाटक करत होती.

रात्रपाळी

शेवंताताई, तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक. वॉर्डातून कसं दिसतं तेवढं सांगते. मुलगा बाहेर मला म्हणतो, "आईला सांगू नका." आत गेले की आई म्हणते, "सिस्टर, मुलाला कळू देऊ नका मला माहितेय ते." मग मी दोघांच्या मध्ये सलाइनची बाटली बदलत उभी.

मी आपणहून काही फोडत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण पेशंटने विचारलंच तर खोटंही बोलत नाही. उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतंय?" ज्याला ऐकायचं नसतं तो म्हणतो, काही नाही, डॉक्टर बघतील. तिथे मी थांबते. बाकीचे स्वतःच सांगतात.

सगळ्यात कठीण आठवडा गाठीचा रिपोर्ट यायचा असतो तो. जखम भरत असते, नळी निघते, सगळे म्हणतात छान चाललंय, आणि पेशंट दर वेळी दार वाजलं की चमकतो.

परळ_नाका

टाटाला वडिलांबरोबर पाच महिने होतो, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्यांना वॉर्डात विचारता येत नाही ते तिथे संध्याकाळी बाकावर विचारतात. नाकात नळी असलेला बिहारचा एक माणूस, आणि नळी निघून महिना झालेला बीडचा एक. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. बीडच्याने भात कालवून, वाटीत मऊ करून, त्याच्यासमोर गिळून दाखवला. बस, एवढंच केलं. बिहारवाला टाळ्या वाजवायला लागला.

मँचेस्टरची_माई

न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर यांनी १९५२ साली स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर नेमकं हेच सुरू केलं, बरं झालेल्या बाईने नव्या पेशंटला जाऊन भेटायचं. पुढे जगभर झालं. त्यांना आधी हॉस्पिटलवाले आतही येऊ देत नसत. बीडच्या माणसाला निदान बाक तरी होता.

खडूस_खापर

रात्रपाळीताई, तुमच्या अण्णांचं काय झालं ते राहिलंच.

रात्रपाळी

भावाला पाटी घ्यायला लावली, आणि धीर देणं बंद करायला सांगितलं. पाहुण्यांची रांगही थांबवली. बोलता येत नाही त्या माणसाला रोज वीस जणांसमोर मान हलवावी लागत होती. आवाज परत येणार आहे हे त्याने सिस्टरना अण्णांच्या समोर विचारलं, म्हणजे उत्तर अण्णांनीच ऐकलं. दोन दिवस पाटी कोरीच. काल दुपारी लिहिलं, "सोयाबीन काढलं का".

भावाचा फोन आला, काय सांगू? पावसाने निम्मं भिजलंय, त्यांना त्रास होईल. मी म्हटलं, विचारलंय ना त्यांनी, मग आहे तेच सांग.

खडूस_खापर

मग?

रात्रपाळी

सांगितलं त्याने. अण्णांनी त्याच्याकडे वळून पाटीभर शिव्या लिहिल्या. ताडपत्री घरात होती म्हणे.